सर्व्हर बंद, म्हणून हक्कही बंद?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा शिधापत्रिकाधारक, शेतकरी किंवा विद्यार्थी आज अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपण कार्यकर्ते अजूनही सवयीने ज्याला नगर जिल्हा म्हणतो तेथे, शोधून सापडणार नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी असो, पाथर्डीचा ऊसतोड मजूर असो की जामखेडचा कोरडवाहू शेतकरी असो, हे वाक्य सर्वांच्या वाट्याला सारखेच आले आहे. या वाक्याचे वैशिष्ट्य असे की त्यात कर्ता नाही. सर्व्हर कोणी बंद ठेवला, कशासाठी ठेवला, केव्हा सुरू होईल आणि तोवर माणसाने काय करावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ते कोणावर टाकत नाही. पाऊस पडला नाही तसा सर्व्हर चालला नाही, असा त्याचा सूर असतो.

हा सूर महाराष्ट्रातील श्रमिक चळवळीला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळातही प्रारंभी निसर्गाकडेच बोट दाखवले गेले होते. पाऊस न पडणे हा निसर्गाचा भाग असला तरी हाताला काम आणि घरात धान्य नसणे हा राज्यव्यवस्थेचा भाग आहे, हे त्या काळात दुष्काळी कामांवरच्या लाखो स्त्री-पुरुषांनी आणि त्यांच्या संघटनांनी राज्यकर्त्यांच्या गळी उतरवले. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. आज तीच भूमिका यंत्राच्या बाबतीत घेण्याची वेळ आली आहे. यंत्र बिघडणे हा यंत्राचा धर्म आहे. परंतु यंत्र बिघडल्याबरोबर माणसाचा हक्क थांबणे हा धोरणाचा परिणाम आहे. हे पटण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते ते आपण थोडे समजून घेतले पाहिजे. ‘तांत्रिक बाब’ म्हणून जे जे इंजिनियरांवर सोडून दिले जाते, त्यात राजकारणाचा मोठा भाग दडलेला असतो.

शासनाचे सर्व्हर मुंबईतील राज्य डेटा सेंटर किंवा पुण्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे डेटा सेंटर अशा ठिकाणी असतात. सर्व्हर म्हणजे हिशेब करणारे संगणक. पण ज्या नोंदींवर हिशेब करायचा त्या, म्हणजे सातबारा, शिधापत्रिका, पीकविम्याचे अर्ज, साधारणतः त्या संगणकांच्या पोटात नसतात. त्या वेगळ्या कपाटांत, असंख्य डिस्कांवर साठवलेल्या असतात. संगणक आणि ही साठवणुकीची कपाटे यांच्यामध्ये जे जाळे असते त्याच्या चौकांत स्विच नावाच्या पेट्या बसवलेल्या असतात. रेल्वेच्या जंक्शनमध्ये जे काम सांधे करतात तेच काम या पेट्या करतात: कोणत्या संगणकाची मागणी कोणत्या डिस्ककडे जावी आणि उत्तर कोणत्या वाटेने परत यावे, हे त्या ठरवतात. अशी एक पेटी बिघडली तर संगणक ठणठणीत असतो, डिस्कही शाबूत असतात, पण दोघांची गाठ पडत नाही. आणि शेकडो किलोमीटरवरच्या राजूर किंवा मिरजगावच्या दुकानात यंत्रावर चक्र फिरत राहते.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही बिघडलेली पेटी काम न थांबवता बदलता येते. ही विद्या जुनी आहे, सिद्ध आहे आणि जगभरच्या डेटा सेंटरांत रोजच्या वापरातली आहे. तिचे मूलतत्त्व एवढेच की साठवणुकीचे जाळे एक नसावे, दोन असावीत आणि ती एकमेकांपासून पूर्ण अलग असावीत. प्रत्येक संगणकातून एक तार पहिल्या जाळ्यात आणि दुसरी दुसऱ्या जाळ्यात जावी. साठवणुकीच्या कपाटालाही तसेच दोन दरवाजे असावेत. मग एका जाळ्यातली पेटी बदलायची असली की आधी एकेका संगणकावर पाहायचे, दुसरी वाट खरोखर चालू आहे ना. ती चालू असेल तरच पहिल्या वाटेवरची वाहतूक थोडी थोडी करून दुसरीकडे वळवायची. कोणत्या संगणकाला कोणती डिस्क दिसावी याची यादी जुन्या पेटीतून काढून जपून ठेवायची. नव्या पेटीत कारखान्यातल्या चाचणीची किंवा आधीच्या वापराची काही नोंद शिल्लक असेल तर ती पुसायची, कारण तशी पेटी चालत्या जाळ्याला जोडली तर दोन याद्यांचा संघर्ष होऊन जाळेच दुभंगते. प्रत्येक तारेवर खूणचिठ्ठी बांधायची. मग पेटी बदलायची, वाहतूक परत आणायची, काही काळ नुसते निरीक्षण करायचे, आणि सर्व सुरळीत असल्याची खात्री पटल्यावरच दुसऱ्या जाळ्याला हात लावायचा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला आणि शेवटचा नियम.

यात आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पूर्ण मेलेल्या पेटीपेक्षा अर्धमेली पेटी जास्त घातक असते. मेलेल्या पेटीची वाट संगणक सोडून देतो आणि दुसरी धरतो; पण मध्येच चालणाऱ्या, मध्येच अडखळणाऱ्या पेटीकडे तो पुन्हा पुन्हा मागणी करत राहतो आणि त्या वाट पाहण्यात सारेच काम तुंबते. म्हणून बिघाडाची पहिली चिन्हे दिसताच ती पेटी कामातून बाजूला काढावी लागते, आणि त्यासाठी सतत लक्ष ठेवणारी जाणकार माणसे जागेवर असावी लागतात. दुसरे असे की दोन्ही जाळ्यांतल्या पेट्या एकाच खेपेच्या आणि एकाच दोषाच्या असल्या, तर एक बदलत असताना सारा डोलारा दुसऱ्या सदोष पेटीवर उभा असतो. म्हणून जादा पेटी हाताशी ठेवल्याशिवाय काम सुरू करणे हा जुगार ठरतो.

नगर जिल्ह्याला देखभालीची ही शिस्त परकी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले. तेव्हापासून गळीत हंगाम संपला की यंत्रसामग्री खोलायची, ओव्हरहॉलिंग करायचे आणि बॉयलर पेटवण्यापूर्वी सारे सज्ज ठेवायचे, हे चक्र येथील कामगारांच्या अंगवळणी पडले आहे. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांची दुरुस्तीही दोन आवर्तनांच्या मधल्या काळात करायची असते, पाणी सुटल्यावर नव्हे. फरक एवढाच की डेटा सेंटरला बंद हंगाम नसतो. भूक, पेरणी, शाळाप्रवेश आणि आजारपण यांना सुटी नाही, तशी त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रालाही नाही. म्हणूनच तेथे चालत्या गाडीचे चाक बदलण्याची सोय आधीपासून करून ठेवावी लागते, आणि ती सोय करायची की नाही हे इंजिनियर ठरवत नाही; अंदाजपत्रक ठरवते.

दोन जाळी म्हणजे दुप्पट पेट्या, दुप्पट तारा, अधिक माणसे. हा खर्च कोणासाठी करायचा आणि कोणासाठी टाळायचा, याचा निवाडा समाजातले सत्तेचे गणित करते. त्याचे एक ढळढळीत उदाहरण मुंबईतच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या तारा एकाच वेळी बिघडल्या. त्याचा परिणाम होऊन मुख्य केंद्रातले साठवणुकीचे जाळेच संगणकांना दिसेनासे झाले, असा खुलासा एक्स्चेंजने पुढे केला. म्हणजे बिघाड नेमका आपण वर पाहिलेल्या जागी झाला होता. दोन तारा घेतल्या एवढ्याने दोन वाटा होत नाहीत, हाही धडा त्यातून मिळाला.

पण आपल्याला महत्त्वाचे आहे ते पुढे काय झाले हे. चार तासांच्या या खंडाची देशभर चर्चा झाली. चौकशी झाली. सेबीने महिन्याभराच्या आत, मार्च २०२१ मध्ये, नियम कडक केले: असा प्रसंग आला तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत व्यवहार पूर्ववत करायचे. २०२३ मध्ये एक्स्चेंज आणि तिची क्लिअरिंग कंपनी यांनी मिळून सुमारे ७२ कोटी रुपये भरून ते प्रकरण तडजोडीने मिटवले. शेअरबाजारातल्या एका मिनिटाला किंमत आहे, ती मोजली जाते, आणि ती वाया घालवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. यात गैर काही नाही. गैर हे आहे की हाच न्याय रांगेतल्या बाईला लागू नाही.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त धान्य दुकानांतील ई-पॉस यंत्रे राज्यभर दिवसच्या दिवस रखडली. दुकानदारांची आणि शिधापत्रिकाधारकांची रोज बाचाबाची झाली. अनेक ठिकाणी दुकानदारांनी वैतागून यंत्रे तहसील कार्यालयात नेऊन ठेवली. शेवटी यंत्राविना धान्यवाटप करण्याची मुभा शासनाला द्यावी लागली. ते दिवस खरिपाच्या खुरपणीचे. त्या दिवसांत रांगेत उभी राहिलेली शेतमजूर स्त्री धान्यही गमावते आणि रोजही गमावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली तर पुन्हा गमावते. शेअरबाजार बंद राहिला ते चार तास देशाच्या लक्षात राहिले. या बायांचे किती दिवस गेले, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

हे एकट्या रेशनचे नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि हाती लिहिलेल्या उताऱ्याची सद्दी संपली. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवर करावी असे ठरले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची मजुरांची हजेरी मोबाईलवरच्या छायाचित्राने घेणे सक्तीचे झाले. २०२३ च्या खरिपात पीकविम्याच्या अर्जांसाठीची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. संकेतस्थळावरच्या अडचणींची ओरड तेव्हा गावोगावी होती. प्रत्येक वेळी जुनी वाट आधी बंद केली गेली आणि नव्या वाटेची ताकद नंतर तपासली गेली. चालत्या जाळ्यात पेटी बदलणारा कोणताही कारागीर हे करणार नाही. दुसरी वाट चालू आहे याची खात्री झाल्याशिवाय पहिली सोडायची नाही, हा त्याचा नियम. शासनाने नेमका हाच नियम मोडला आणि त्याला ‘पारदर्शकता’ असे नाव दिले.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की तुम्ही यंत्रविरोधी आहात, तुम्हाला जुना कागदी कारभार हवा आहे. तसे नाही. जुन्या कारभारात बनावट शिधापत्रिका होत्या, दुकानदाराच्या वहीत अंगठे होते आणि धान्य काळ्या बाजारात होते. तलाठ्याच्या दप्तरापुढे गरीब शेतकऱ्याला किती वाकावे लागे हे नगरच्या कार्यकर्त्याला कोणी सांगायला नको. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदी फायलींचे काय होते तेही आपण पाहिले. यंत्राने येथे काही चांगले केले आहे. यापूर्वी संगणकाविषयी कामगार चळवळीने घेतलेली भूमिकाही आंधळ्या विरोधाची नव्हती. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँक व्यवस्थापनांशी करार केला तो यंत्र कोठे, किती आणि कोणत्या अटींवर आणावे यासंबंधी होता. तेव्हा प्रश्न नोकरीचा होता. आज त्याला सेवा घेणाऱ्याच्या हक्काची जोड मिळाली आहे. अटी घालणे म्हणजे विरोध नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन जाळी, जादा पेट्या, रात्रंदिवस माणसे यांना पैसा लागतो, हे खरे. पण सर्व्हर बंद असल्याचा खर्च आजही होतच आहे. तो शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो मजुराच्या बुडालेल्या रोजातून, एस.टी.च्या वाया गेलेल्या भाड्यातून आणि शेजाऱ्याकडून उसन्या घेतलेल्या पायलीभर बाजरीतून वसूल होतो. काटकसर झाली असे म्हणायचे तर ती गरिबाच्या खिशातून झाली आहे. कमीत कमी दराच्या निविदेवर आणि वर्षा-वर्षाच्या देखभाल करारावर चालणाऱ्या यंत्रणेत बिघाडाची पहिली चिन्हे ओळखणारा अनुभवी तंत्रज्ञ टिकत नाही. रात्री दोन वाजता डेटा सेंटरमध्ये पेटी बदलणारा कंत्राटी कामगार आणि सकाळी नऊ वाजता रांगेत उभी असलेली शेतमजूर स्त्री यांची कधी भेट होत नाही; पण त्याच्या नोकरीची अशाश्वती आणि तिच्या धान्याची अशाश्वती ही एकाच धोरणाची दोन टोके आहेत.

तिसरा आक्षेप असा की कायदे तर आहेतच. आहेत, आणि ते नीट वाचलेही पाहिजेत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत घातली आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. परंतु त्याचा रोख खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यावर आहे. डेटा सेंटर चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो पोचत नाही, आणि खिडकीतला माणूस ‘सर्व्हर’ म्हणून मोकळा होतो. याउलट २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे आठवे कलम आपल्या हाती एक खरे हत्यार देते. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याबद्दल राज्य शासनाने अन्नसुरक्षा भत्ता दिला पाहिजे, असे ते सांगते. धान्य न मिळण्याचे कारण गोदाम रिकामे असणे आहे की स्विच जळणे आहे, असा भेद त्या कलमात नाही. मग सर्व्हर बंद असल्यामुळे महिना कोरडा गेलेल्या कुटुंबाला हा भत्ता का मागता येऊ नये?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. ज्या यंत्रणेवर अन्न, जमीन, मजुरी वा निवृत्तिवेतन अवलंबून आहे तिच्यासाठी साठवणुकीची दोन अलग जाळी आणि दूरच्या शहरात चालू स्थितीतले पर्यायी केंद्र असावे, आणि त्याची चाचणी ठरावीक काळाने जाहीरपणे व्हावी. नियोजित दुरुस्ती रात्री आणि आधी गावात फलक लावून करावी. धान्यवाटपाचे पहिले दिवस आणि पीकविम्याच्या मुदतीचा आठवडा यांना तिने हात लावू नये. सर्व्हर ठरावीक काळाहून जास्त बंद राहिला तर दुकानात आपोआप कागदी नोंदीने वाटप सुरू व्हावे. त्या नोंदीवर ग्रामसभेने नेमलेल्या दोन व्यक्तींच्या सह्या असाव्यात आणि यंत्र सुरू होताच ती त्यात चढवली जावी, म्हणजे जुन्या भ्रष्टाचाराला वाट मिळणार नाही. जितका काळ यंत्र बंद, तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मंत्र्यांच्या कृपेची वाट पाहावी लागू नये. प्रत्येक सेवेचा बंद काळ दरमहा तालुकावार प्रसिद्ध व्हावा. आणि देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ कायम सेवेत असावेत.

या मागण्यांना आधार लागेल तो पुराव्याचा, आणि तो मुंबईत मिळणार नाही. तो आपल्याला गावात गोळा करावा लागेल. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत पक्षाच्या प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तीत तारीख, दुकान किंवा कार्यालय, यंत्र किती वाजता बंद पडले, किती वाजता सुरू झाले, किती माणसे परत गेली आणि त्यांपैकी किती जणांचा रोज बुडाला, एवढेच लिहावे. ज्यांचे धान्य बुडाले त्यांच्याकडून आठव्या कलमाखाली भत्त्याचे अर्ज भरून घ्यावेत आणि त्यांची पोच मागावी. रेशन दुकानदार, सेवा केंद्रचालक आणि ग्राम महसूल अधिकारी यांना या कामात शत्रू समजू नये. रांगेचा राग सर्वांत आधी त्यांच्यावर निघतो आणि बंद काळाची नोंद सर्वांत अचूक तेच सांगू शकतात. तीन महिन्यांच्या अशा वह्या घेऊन आपण जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो, तर ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ हे उत्तर टिकणार नाही.

एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली अकोल्याहून लोणीकडे हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले तेव्हा त्यांच्या मागण्यांत जमीन होती, दुधाचा भाव होता, आणि त्या मागण्यांना महसूलमंत्र्यांच्या गावाचा पत्ता होता. सर्व्हरला पत्ता नाही असे आपल्याला भासवले जाते. वस्तुतः त्याला इमारत आहे, अंदाजपत्रक आहे, त्याची निविदा काढणारे खाते आहे आणि त्या खात्याला मंत्री आहे. आपल्या वह्यांतल्या नोंदी त्या पत्त्यावर पोचवणे आणि बंद पडलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब मागणे, हे येत्या काळातले आपले काम आहे.